खुर्चीवरची सॅक

प्रश्न : ताई, मी घरून काम करतो. घरात दोन लहान मुलं, म्हणून रोज सकाळी जवळच्या कॉफीशॉपमध्ये जाऊन बसतो. जेमतेम सहा टेबलं. प्लग एकाच टेबलापाशी आणि ते नेमकं चौघांचं. गेल्या आठवड्यात एका वयस्कर बाईंनी हातात कप घेऊन विचारलं, "इथं कोणी बसलंय का?" मी म्हणालो, "येतायत दोघं." येणार कोणीच नव्हतं. त्यांनी खिडकीच्या कठड्याशी उभ्यानंच कॉफी संपवली. तेव्हापासून तिथं जायला लाज वाटते. पण मी फुकट बसत नाही, दोन कॉफ्या घेतो. शिवाय शेजारी कोणी बसलं की फोनवर मोठ्यानं बोलतं, कामात लक्ष लागत नाही. मी फोन घेतो, पण अगदी थोडक्यात. माझं चुकलं का?
– एक वाचक

उत्तर : चुकलं. आणि ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, नाहीतर त्या बाई कुठं जाऊन उभ्या राहिल्या हे तुम्ही पाहिलंच नसतं.

लिहायला लागण्याआधी चार वर्षं मी अशाच एका छोट्या दुकानात काउंटरमागे होते. जागा शोधणारा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत नाही, खुर्चीकडे बघतो. खुर्चीवर सॅक दिसली की बहुतेक जण काही न बोलता वळतात. तुमच्यापाशी येऊन विचारण्याचा धीर त्या बाईंनी केला. न विचारताच किती जण परत गेले, ते तुमच्या कॉफीशॉपच्या मालकाला विचारा. तो तोंडानं काही म्हणणार नाही. पण तुमचा रिकामा कप उचलून झाल्यावर तो पुन्हा येऊन टेबल पुसू लागला, की काय ते समजून घ्या. गर्दीच्या वेळी तुमच्या दोन कॉफ्यांमागे त्याच्या तीन खुर्च्या अडकलेल्या असतात.

हे भांडण जुनंच आहे. लंडनमध्ये १६७४ साली कॉफीहाउसचे नियम चक्क पद्यात छापले होते. जी जागा मोकळी दिसेल तिथं बसावं, बडा माणूस आला म्हणून कोणी उठायची गरज नाही. (बायकांना तिथं गिऱ्हाईक म्हणून फारसं स्थान नव्हतं, ते सोडा.) आणि जो भांडण उकरून काढील, त्यानं हजर असलेल्या सगळ्यांना एकेक कॉफी पाजायची! आमच्या मालकाला हा दंड सांगितला, तर म्हणाला, "मग मी रोज भांडणं लावीन."

फोनचं मात्र तुमचं खरं आहे. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना लक्ष देऊन करायची कामं दिली आणि कानावर बोलणी घातली. दोघांचं पूर्ण बोलणं ऐकताना काम ठीक चाललं, पण फोनवरची एकच बाजू ऐकताना बिघडलं. "हो... अगं पण... मग ती काय म्हणाली?" पुढचं काय, याचा अंदाज बांधण्यातच डोकं गुंतून पडतं. आता तुमचा थोडक्यातला फोन. तोही शेजाऱ्याला अर्धाच ऐकू येतो ना? बाहेर जाऊन घ्या. लॅपटॉपकडे जरा लक्ष ठेवा म्हणून कोणाला तरी सांगावं लागेल. त्यासाठी तरी शेजारी हवा.

बाई पुन्हा दिसल्या तर माफीचं भाषण करू नका, हातात गरम कप घेऊन त्यांना ते ऐकत उभं राहावं लागेल. त्या दाराशी दिसल्या की सॅक खाली घ्या आणि खुर्ची थोडी बाहेर ओढा. सॅक पायाशी, चार्जरची वायर भिंतीच्या कडेनं. एकदा अशाच आडव्या वायरीत पाय अडकून मी ट्रेसकट आपटले होते, तीन कप फुटले. त्या गृहस्थांनी आधी लॅपटॉप पुसला, मग मला विचारलं, "लागलं का?"

ज्या दिवशी खरंच डोकं घालून काम करायचं असेल, त्या दिवशी घरूनच बॅटरी पूर्ण चार्ज करून न्या आणि भिंतीकडचं लहान टेबल घ्या. एरवी समोर कोणी बसलंच, तर गप्पा मारायलाच हव्यात असं नाही. एकदा मान हलवायची, आपला कप आपल्याकडे ओढायचा आणि पुन्हा कामाला लागायचं.