शुगर ग्लायडर खार नाही, आणि तो फळांवरही जगत नाही

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. व्हिडिओतला शुगर ग्लायडर, म्हणजे ऑस्ट्रेलियातला झाडांवरून तरंगत जाणारा छोटा प्राणी, ही आपली उडणारी खारच का? आणि नावात 'शुगर' आहे म्हणजे तो गोड फळांवर जगतो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. सिडनीजवळच्या जंगलात विजेरीला लाल कागद लावून बऱ्याच रात्री यांच्या मागावर काढल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खार उंदराच्या गोतातली, तर ग्लायडर कांगारूच्या. जेमतेम १६ दिवसांच्या गर्भारपणानंतर तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू जन्मतं आणि पुढचे सुमारे ७० दिवस आईच्या पिशवीत वाढतं. कातडीचा पडदा दोघांनाही आहे, पण तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडला. सह्याद्रीतल्या उडणाऱ्या खारीच्या मनगटातून कूर्चेची एक काडी निघते, ती पडदा ताणून धरते. ग्लायडरला अशी काडी नाही. त्याचा पडदा पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. (शेकरू यात धरू नका, ते नुसत्या लांब उड्या मारतं.) साधारण १०० ते १३० ग्रॅमचा हा जीव पाय फाकवून झेपावला की चौकोनी रुमालासारखा दिसतो. एक मीटर खाली येईतो जवळपास दोन मीटर पुढे सरकतो. उतरण्याआधी अंग वर उचलतो आणि चारही पंजे एकदम खोडावर टेकवतो. अंधारात आधी तो 'टप' आवाजच ऐकू येतो.

आता आहार. तो झाडाच्या रसावर जगतो. खालचे लांब, पुढे आलेले दात निलगिरीच्या सालीत रोवून तो खाच पाडतो आणि पाझरणारा रस चाटतो. ऑस्ट्रेलियन बाभळीचा डिंकही खातो. डिंक पचायला कठीण, पण याचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) मोठं असतं आणि तिथले जीवाणू तो आंबवून देतात. फुलांच्या दिवसांत मकरंद आणि पराग. उन्हाळ्यात मात्र किडे भरपूर, कारण पिल्लं वाढवायला प्रथिनं लागतात. हिवाळ्यात पुन्हा डिंक आणि रस. त्यामुळे पिंजऱ्यात फळं आणि मध देऊन हा जगेल असं समजू नका. अशा आहारात कॅल्शियम कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पाळणाऱ्याने ते प्रेमानेच भरवलेलं असतं.

अन्नाइतकीच त्याला ढोलीची गरज असते. दिवसा सगळं कुटुंब तिथे एकमेकांना बिलगून झोपतं. अंथरूण निलगिरीच्या पानांचं, आणि ती पानं ते शेपटीत गुंडाळून आणतात. फार थंडी पडली, खायला कमी मिळालं, तर काही तास शरीराचं तापमान खाली आणून ऊर्जा वाचवतात.

आपल्याकडे सुतार आणि तांबट पक्षी लाकडात भोकं पाडतात, मग त्यात इतर बिऱ्हाडं येतात. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षीच नाहीत. तिथे फांदी मोडते, बुरशी लागते, वाळवी पोखरते, वणवा जाळतो आणि हळूहळू पोकळी होते. निलगिरीत अशी ढोली व्हायला १०० वर्षांहून जास्त काळ लागतो. जुनं झाड तोडून दहा रोपं लावली तरी ग्लायडरची जागा भरून निघत नाही ती यामुळे. लाकडी पेट्या टांगतात, त्यांत ते राहतातही, पण पेट्यांची देखभाल करत राहावी लागते.

आणखी एक: २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की ज्याला आपण एकच प्राणी समजत होतो ते ऑस्ट्रेलियातले तीन वेगळे प्राणी आहेत. त्यामुळे जुनी माहिती वाचताना ती नेमकी कोणाबद्दल आहे ते बघा.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावरची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे हा मूळचा नाही, माणसाने एकोणिसाव्या शतकात नेला. ढोलीत अंड्यांवर बसलेली स्विफ्ट पॅरटची मादी तो मारून खातो, आणि हा पोपट प्रजननासाठी फक्त टास्मानियातच येतो. तिथे आता या पोपटांच्या घरट्यांच्या पेट्यांना अंधार पडताच आपोआप बंद होणारी दारं लावून पाहिली आहेत.