सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या कॉलरवर लाल पट्टी आणि खांद्याला दोरी असते, त्यावरून हुद्दा कळतो का?

पट्टीवरून कळतो, दोरीवरून नाही.

भारतीय लष्करात कॉलरवरची लाल पट्टी (गॉर्जेट पॅच) कर्नलपासून पुढे मिळते. कर्नलच्या पट्टीवर तारा नसतो. ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन आणि लष्करप्रमुखांना चार. मूळ गोष्ट म्हणजे युरोपातल्या चिलखताचा गळा झाकणारा पत्रा. तो झिजत झिजत एवढीशी कापडी पट्टी उरली.

दोरी, म्हणजे लॅनयार्ड, रेजिमेंटची ओळख. म्हणूनच १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांनी ती उतरवली. टोपी, पट्टा, बूटही सगळ्यांचे सारखे झाले. त्या पदावर माणूस एका रेजिमेंटचा राहत नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो.

खरी फसगत खांद्यावर होते. दोन तारे लेफ्टनंटलाही असतात आणि सुभेदारालाही! ताऱ्यांजवळ लाल-पिवळी-लाल फीत दिसली की समजा, सुभेदार साहेब आहेत. हवालदारापर्यंतचे हुद्दे मात्र बाहीवरच्या व्ही आकाराच्या फितींवर मोजायचे: लान्स नाईक एक, नाईक दोन, हवालदार तीन.