नॉटिंगहॅममध्ये गाडीची एमओटी कुठे करून घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये तुम्ही नॉटिंगहॅमला आलात, २०१६ची सेकंड हँड गाडी घेतली, तिची एमओटी, म्हणजे इथली सक्तीची वार्षिक तपासणी, २३ ऑक्टोबरला संपते आहे, आणि घराजवळचं, शक्यतो स्वस्तातलं केंद्र कसं शोधायचं ते कळत नाही. मी इंग्लंडमध्ये ९ वर्षं गाडी चालवतो आहे. पहिल्याच वर्षी एमओटीच्या नादात गरज नसताना बरेच पैसे घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ‘पासिंग’ हा शब्द रिक्षा, टेंपो, ट्रक, स्कूलबस ज्यांच्या घरी आहे त्यांच्या रोजच्या बोलण्यातला. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर पीयूसी सोडलं तर सरकारतर्फे कोणी गाडीखाली वाकून बघत नाही. इथे गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, घरच्या गाडीचीसुद्धा. एमओटी म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट. त्या नावाचं खातं आता उरलेलं नाही, पण लोकांच्या तोंडी तपासणीचं नाव तेच राहिलं. १९६०मध्ये अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना ही तपासणी सुरू झाली तेव्हा ती फक्त १० वर्षांवरच्या गाड्यांना होती. नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की १९६१मध्ये मर्यादा ७ वर्षांवर आणली आणि १९६७मध्ये ३ वर्षांवर.

आता केंद्राबद्दल. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एमओटी आरटीओसारख्या कचेरीत होत नाही, परवाना असलेल्या गॅरेजमध्ये होते. अशी २०,०००हून जास्त केंद्रं आहेत. गॅरेजच्या दारावर निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण दिसले की तिथे एमओटी होते असं समजा. डीव्हीएसए ही सरकारी संस्था चालू केंद्रांची यादी प्रसिद्ध करते आणि ती गव्ह.यूके या सरकारी संकेतस्थळावर मिळते. नकाशावर पोस्टकोड टाकून शोधलंत तरी मैलभराच्या आत चार-पाच नावं सहज निघतील. म्हणजे केंद्र सापडणं हा प्रश्नच नाही. त्या चार-पाचांतून कोणतं घ्यायचं, इथे माणूस अडतो.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्या वर्षी मी घरापासून दहा मिनिटांवरचं, सगळ्यात कमी भाव लावणारं गॅरेज पकडलं. सकाळी गाडी दिली, दुपारी फोन आला: नापास, आणि दुरुस्तीचा खर्च ६४० पौंड. पुढचा डावा टायर, मागच्या नंबरप्लेटचा दिवा, पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचा बुश, एक्झॉस्टचा हँगर, एका दमात सगळी यादी वाचून दाखवली. मी नवखा होतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गाडी हवी होती, म्हणून हो म्हणून टाकलं. महिन्याभराने एका सहकाऱ्याला तो निकालाचा कागद दाखवला. त्याने शांतपणे बोट ठेवून दाखवलं की गाडी नापास झाली होती फक्त दोन गोष्टींवर, टायर आणि नंबरप्लेटचा दिवा. बाकीची तीन कामं ‘ॲडव्हायझरी’ या मथळ्याखाली होती. फोनवर माझ्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं, पण दोन्ही याद्या एकत्र करून सांगितल्या होत्या आणि मला त्यांतला फरक माहीत नव्हता. त्या पैशांत आम्ही दिवाळीला आईला इकडे बोलावणार होतो. ते पुढच्या वर्षावर गेलं. हे अजून टोचतं.

म्हणून केंद्र निवडण्याआधी कागद वाचायला शिका. २० मे २०१८पासून दोष चार प्रकारांत लिहितात. डेंजरस आणि मेजर, यांपैकी एक जरी असला तरी गाडी नापास. मायनर म्हणजे गाडी पास, पण दोष लवकर दुरुस्त करा. ॲडव्हायझरी म्हणजे आज ठीक आहे, लक्ष ठेवा. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला की एकच विचारायचं: यातलं पास होण्यापुरतं किती आणि बाकीचं किती? दोन वेगळे आकडे मागा. चांगला गॅरेजवाला न कुरकुरता देतो. ॲडव्हायझरीकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. डिस्क झिजल्या असतील तर बदलाव्याच लागतील, पण ते काम कधी आणि कोणाकडून करून घ्यायचं हे ठरवायला तुमच्याकडे वेळ असतो.

मुळात अडचण अशी की इथे गाडी तपासणारा आणि नापास झाल्यावर दुरुस्तीचे पैसे घेणारा बहुतेक वेळा एकच असतो. बहुतेक गॅरेजं सचोटीने काम करतात आणि डीव्हीएसएची त्यांच्यावर नजरही असते. तरी हे दोन व्यवहार वेगळे ठेवता आले तर ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. त्याचा सरळ मार्ग म्हणजे काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, एमओटी केंद्र. कचऱ्याच्या गाड्या, टॅक्सी, स्वतःच्या व्हॅन तपासायला बऱ्याच काउन्सिलांची आपली केंद्रं असतात. ती डेपोच्या आवारात कुठेतरी मागे असतात, त्यामुळे लोकांच्या लक्षात येत नाहीत. परवाना असलेल्या केंद्रात सामान्य माणसाची गाडीही घेतात आणि सहसा तिथे लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती करत नाहीत. तुमची गाडी नापास करून त्यांना काही मिळत नाही. नॉटिंगहॅमसाठी ‘काउन्सिल एमओटी’ असं शोधा, किंवा सरळ काउन्सिलला फोन करा. शहरात नसेल तर शेजारच्या काउन्सिलचंही चालतं, राहत्या भागातच करायला हवं असा नियम नाही. दुसऱ्या वर्षापासून मी आमच्या काउन्सिलच्या डेपोत जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी पास झाली, दोन ॲडव्हायझरी निघाल्या, आणि तपासणाऱ्या बाईंनी गाडी वर उचलून ठेवून बुश कुठून फाटायला लागलाय तेही दाखवलं. ते काम मी पुढच्या महिन्यात माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडून सावकाश करून घेतलं.

भावाचं म्हणाल तर कमाल मर्यादा सरकारने ठरवलेली आहे: कारसाठी ५४.८५ पौंड, मोटरसायकलसाठी २९.६५. त्याच्यावर कोणी मागू शकत नाही, खाली कितीही. काउन्सिलच्या केंद्रात मी पूर्ण फी भरतो. गॅरेजवाले ३०-३५ पौंडांत करून देतात, कारण त्यांना पुढचं दुरुस्तीचं काम मिळण्याची आशा असते. हे वीस पौंड वाचवायच्या मागे तुम्ही लागू नका.

काउन्सिलचं केंद्र जमलं नाही तर गॅरेज निवडायला एक फार उपयोगी गोष्ट आहे, गाडीचा इतिहास. गव्ह.यूकेवर गाडीचा नंबर टाकला की आधीच्या सगळ्या एमओटी फुकट दिसतात: पास-नापास, तेव्हाचं मायलेज, प्रत्येक वेळचे दोष आणि ॲडव्हायझरी. खरं तर हे गाडी घेण्याआधी बघायचं असतं, पण आताही आज रात्रीच बघा. त्याच पानावर लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) ११ आकडी क्रमांक टाकला की प्रत्येक तपासणी कोणत्या केंद्रात झाली तेही कळतं. आधीचा मालक वर्षानुवर्षं एकाच गॅरेजकडे जात असेल आणि ते फार लांब नसेल, तर तिथे फोन करायला हरकत नाही. त्यांना गाडी माहीत असते. गेल्या वर्षीच्या ॲडव्हायझरी वाचून यंदा काय निघू शकेल याचा अंदाज तुम्हालाही येईल.

फोनवर विचारायचं ते हे: तपासणी तुमच्याच आवारात होते का? काही छोटी गॅरेजं बुकिंग स्वतः घेतात आणि गाडी दुसऱ्या केंद्रात नेऊन तपासून आणतात. नापास झाली तर फेरतपासणीचे किती? आणि मला विचारल्याशिवाय कुठलंही काम सुरू करणार नाही ना? तिसरा प्रश्न गाडी देताना काउंटरवर पुन्हा विचारा. तपासणी बघायचा हक्क तुम्हाला आहे. केंद्रात त्यासाठी जागा ठेवलेली असते, फक्त तपासणाऱ्याला मध्ये बोलून अडवायचं नाही. पहिल्या वर्षी तरी अर्धा दिवस काढून थांबा. पाऊण-एक तासाचं काम असतं आणि आपल्या गाडीबद्दल त्यात जितकं कळतं तितकं एरवी कळत नाही.

तारखेचा हिशेब नीट समजून घ्या. एमओटी संपायच्या एक महिना उणे एक दिवस आधीपासून कधीही नवी केली तर जुनी तारीख कायम राहते. तुमची २३ ऑक्टोबरला संपते, म्हणजे २४ सप्टेंबरपासून कधीही करा, पुढची मुदत पुढच्या वर्षीच्या २३ ऑक्टोबरचीच मिळेल. त्याच्या आधी केलीत तर तेवढे दिवस बुडाले. मी सांगेन की २४ सप्टेंबरनंतरच्या पहिल्याच आठवड्यातली वेळ घ्या, आणि ती ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा. नव्या गाड्यांच्या नंबरप्लेटची मालिका १ मार्चला आणि १ सप्टेंबरला बदलते, त्यामुळे त्या महिन्यांत गाड्या जास्त विकल्या जातात आणि पुढे एमओटीची गर्दीही त्याच महिन्यांत होते. लवकर जाण्याचा आणखी एक फायदा आहे. गाडी नापास झाली, पण जुनी एमओटी अजून चालू आहे आणि दोष डेंजरस नाही, तर गाडी तिथून घेऊन जाऊन दुसरीकडे भाव विचारता येतो. मात्र गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असली पाहिजे. झिजलेला टायर तसाच ठेवून फिरलात तर एमओटी चालू असूनही दंड होतो. डेंजरस दोष असेल तर चालवूच नका. त्याला २,५०० पौंडांपर्यंत दंड आहे, परवान्यावर दंडाचे गुणही चढतात.

एमओटी संपू दिली तर दंड १,००० पौंडांपर्यंत, आणि रोड टॅक्सही भरता येत नाही. एमओटी संपलेल्या गाडीने फक्त आधी ठरवलेल्या तपासणीला किंवा दुरुस्तीला जाता येतं, म्हणून बुकिंगचा मेसेज फोनमध्ये जपून ठेवा. सरकारतर्फे आठवणीचा मेसेज किंवा ईमेल फुकट येतो, गव्ह.यूकेवर नाव नोंदवा.

फेरतपासणीत फार पैसे जाऊ नयेत म्हणून एवढं लक्षात ठेवा: गाडी त्याच केंद्रात ठेवून दुरुस्त केली तर पुन्हा फी नाही. बाहेर नेऊन दिवा, वायपर, टायर, हॉर्न, आरसा अशी ठरावीक कामं केली आणि लगेच पुढचा कामाचा दिवस संपायच्या आत त्याच केंद्रात परत आणली तरी नाही. बाकीच्या कामांसाठी १० कामाच्या दिवसांत आणली तर कमी फी. निकालच चुकीचा वाटला तर काही दुरुस्त न करता १४ कामाच्या दिवसांत डीव्हीएसएकडे अपील करता येतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीभोवती एक फेरी मारा. कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगून सगळे दिवे बघा, नंबरप्लेटचा छोटा दिवासुद्धा. काच धुवायचं पाणी भरा, ते नसलं तरी नापास करतात. टायरच्या खाचा निदान १.६ मिलिमीटर हव्यात. २० पेन्सचं नाणं खाचेत घालून बघा, नाण्याची बाहेरची पट्टी दिसायला लागली तर टायर दाखवून घ्या. डॅशबोर्डवर इंजिन, एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा पेटलेला असेल तर आधी मेकॅनिककडे जा. आरशाला लटकवलेली माळ, लिंबू-मिरची त्या दिवसापुरती काढून ठेवा, चालकासमोरच्या काचेतला अडथळा हाही तपासणीचा मुद्दा आहे. आणि एमओटी पास झाली म्हणजे गाडी उत्तम असं समजू नका. इंजिनाची अवस्था, क्लच, गिअरबॉक्स त्यात बघतच नाहीत. त्यासाठी सर्व्हिसिंग वेगळं.

तुमच्या मित्राने बेलफास्टमध्ये एमओटी कशी होते असं विचारलंय, त्याला सांगा की उत्तर आयर्लंडमध्ये हे सगळं वेगळं आहे. तिथे खाजगी गॅरेजला एमओटी करता येत नाही, डीव्हीए या तिथल्या सरकारी संस्थेच्या केंद्रातच जावं लागतं, आणि गाडी ४ वर्षांची झाल्यावर पहिली तपासणी. तिथे तारखा मिळायला वेळ लागतो, तेव्हा सूचना आली की त्याच दिवशी बुक करायचं.

तुमची तपासणी झाली आणि कागदावरची एखादी ओळ कळली नाही, तर कुठल्याही कामाला हो म्हणण्याआधी गाडीचा नंबर झाकून तो कागद इथे खाली टाका. मी रोज संध्याकाळी बघतो.