जुन्या फोर बाय फोर जीपचं डिफरन्शियल ऑइल घरीच बदलता येतं का?

येतं की. डिफरन्शियल म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा. फक्त खालचा ड्रेन प्लग खोलायच्या आधी वरचा फिलर प्लग सुटतोय का ते बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो असा गंजून बसतो की जुनं ऑइल सांडून मोकळं आणि नवीन भरायला तोंडच नाही, माझी ही गत झालीय, मग रिक्षाने मेकॅनिक आणला.

गाडी सपाट जागी, चाकांना चिरे लावून. थोडी फिरवून आणा, कोमट ऑइल पटकन उतरतं. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसात व्हाळातून गाडी घातली की डिफरन्शियलचं गरम हाउसिंग (बाहेरचं लोखंडी कवच) एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची बारीक नळी, चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं, म्हणून ब्रीदर आधी साफ करा. ड्रेन प्लगला बारीक काळा चिखल असणारच, गिअरच्या दाताचा तुकडा निघाला तर मात्र डिफरन्शियल उघडायलाच लागेल.

नवीन ऑइल बहुतेक ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल, पण मॅन्युअल बघा, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं. पुढचं डिफरन्शियल विसरू नका, सगळे मागचंच करतात.