चीनसारखी शहरं आपल्याकडे का होत नाहीत? लोकशाही आणि पर्यावरणवाल्यांमुळे घोडं अडतं का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण शांघायची रोषणाई बघून आलेले असतात. मी चिपळूणचा. चीन म्हटलं की मला २०२१ चा जुलै आठवतो.

२० जुलैला झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. मेट्रोच्या बोगद्यात पाणी घुसलं, डब्यात माणसं गळ्याइतक्या पाण्यात उभी होती. १४ जण गेले. ते व्हिडिओ मोबाइलवर बघून आम्ही हळहळलो. दोनच दिवसांनी, २२ तारखेच्या पहाटे, आमची वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली आणि आम्ही स्वतःच माळ्यावर चढून बसलो होतो.

झेंगझोऊ काही मागासलेलं शहर नव्हे. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी 'स्पंज सिटी' करायचं काम तिथेही चालू होतं. पण तळी, पाणथळ जागा यांवर एकदा काँक्रीट ओतलं की वर झिरपणाऱ्या फरशा घालून कितीसं मुरणार? आमच्याकडे तेवढ्याही फरशा नाहीत. नदीकाठी भराव, पऱ्ह्यांवर, म्हणजे छोट्या ओढ्यांवर, बांधकाम आणि नदीत वर्षानुवर्षांचा गाळ.

आता वेगाचं. बीजिंग–शांघाय हा १,३१८ किलोमीटरचा रेल्वेमार्ग त्यांनी २००८ ला सुरू करून २०११ ला चालू केला. त्याच २०११ मध्ये आमच्या मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला हात लागला, आणि पुढे दशक उलटलं तरी गणपतीला येणारे चाकरमानी खड्डेच मोजत होते. हा रस्ता कोणत्या पर्यावरणवाल्याने अडवला, सांगा बरं? मोबदल्याचे घोळ, ठेकेदारांची रखडपट्टी आणि पावसात सुटणारे कापलेले डोंगर, मुख्यतः यांवरच तो अडला. २०२३ मध्ये तर चिपळुणातला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा काही भागच कोसळला. उलट कोकण रेल्वे बघा. हाच कातळ, हाच पाऊस, हीच लोकशाही. १९९० ला काम सुरू झालं आणि १९९८ ला गाडी धावली.

त्यामुळे लोकशाहीने हात बांधले हे मला पटत नाही. तिचा फरक दिसतो तो पाणी ओसरल्यावर.

झेंगझोऊत मेट्रो स्टेशनच्या दाराशी लोकांनी मेलेल्यांसाठी फुलं ठेवली, तर भोवती पिवळे अडथळे उभे केले गेले. लोकांनीच ते बाजूला सारले. पुढे २०२२ च्या जानेवारीत सरकारी चौकशीतूनच बाहेर आलं की शहराच्या अधिकाऱ्यांनी १३९ जणांचे मृत्यू किंवा बेपत्ता होणं दडवलं होतं. (तिथे अधिकाऱ्यांवर कारवाई झाली हेही मान्य करायला हवं. ती मात्र वरून आली.)

आम्ही काय केलं? गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं. दुकानातला चिखल उपसून जेमतेम हात धुतलेली माणसं मांडवात बसली, शिव्या घातल्या, पूररेषेवर भांडली, आणि कुणी अडथळे लावले नाहीत. मग यंत्रं नदीत उतरली.

सगळा गाळ निघाला का म्हणाल, तर नाही. जुलैत रात्री पावसाचा जोर वाढला की अजूनही आमच्या गल्लीतले दिवे लागतात आणि कुणी ना कुणी टॉर्च घेऊन पुलावर पाणी बघून येतो.