अंधारात हाताला लागेल तोच पैसा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप काल रात्री वाचला. आजी बरी आहे हे कळलं, मग पुढचं वाचायला धीर आला. तिला फुरसं, तो विषारी साप, चावल्यावर वेळ न घालवता दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाची वाट धरणाऱ्या घराला बाकीचं शहाणपण मी काय सांगणार? पण तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर मला द्यायलाच हवं. ते उत्तर मी एकदा चुकीचं दिलेलं आहे.

पाऊस कोसळत होता, वाडीत वीज नव्हती, मोबाइलचा मनोरा बंद, 108 ला फोन लागेना. शेजारच्या दादाने भाड्याचं नावही न काढता जीप काढली, पण तिच्यात डिझेल नव्हतं. पंपावर रेंज नाही, कार्डाचं यंत्र मेलेलं. तुझ्या खात्यात 62 हजार आणि पर्समध्ये 70 रुपये. एका अनोळखी ट्रकवाल्याने पाचशेची नोट काढून दिली. त्याचं नाव विचारायचं राहिलं म्हणून तू हळहळतेस. ती हळहळ राहू दे, चांगली आहे. आता तुझे बाबा म्हणतात घरात 50 हजार ठेवू, भाऊ म्हणतो घरात पैसा ठेवणं म्हणजे अडाणीपणा, आणि तू विचारतेस, ‘काका, तुम्ही बँकेतले, तुम्ही सांगा.’

मी बँकेतला, म्हणूनच सांगतो. 31 वर्षं रोखपालाच्या पिंजऱ्यात बसलो. अंधारात हाताला लागेल तोच पैसा. खात्यातला आकडा म्हणजे दुसऱ्याने तुला दिलेला शब्द. तो शब्द बहुतेक दिवस पाळला जातो, पण वीज, तार, मनोरा आणि शाखेचं कुलूप एवढं सगळं जागेवर असेल तेव्हा. आपल्याकडे वर्षातले चार महिने यातलं काही ना काही जागेवर नसतं.

खरं तर हे तुला सांगावं लागू नये. आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, तुझी आजी काय काय भरते ते तू लहानपणापासून बघतेस. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुके बोंबील, सोडे, पडवीत लाकडं, कोरड्या जागी शेणी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणून मासळी आधीच सुकवून ठेवायची, हे बंदरावरच्या पोरालाही कळतं. मिळत नाही तेव्हासाठी मिळतं तेव्हा राखून ठेवायचं, यावरच हा किनारा जगला. मग पैशालाच या बेगमीतून आपण कुणी वगळलं? मीच वगळलं. माझ्यासारख्या बँकेतल्या माणसांनी घरोघर जाऊन वगळायला लावलं.

त्याचं कारणही होतं, ते ऐक. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री 8 वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजाराच्या नोटा चालेनाशा झाल्या. पुढचे पन्नास दिवस मी खिडकीवर होतो. तांदळाच्या डब्यातून आलेल्या नोटांना तांदळाचा वास यायचा, सुक्या मासळीच्या पिंपातल्या नोटा लांबूनच ओळखू यायच्या. नवऱ्यापासून लपवलेली पुंजी नवऱ्यादेखत काउंटरवर मोजून घेताना बायका मान वर करत नव्हत्या. पुढच्या मे महिन्यात चाकरमानी घर आवरायला आले. एकाला आजीच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत 38 नोटा सापडल्या, सगळ्या हजाराच्या. मुदत डिसेंबरातच संपली होती. आजी कुठे ठेवलंय हे कुणालाच न सांगता गेली होती. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की घरात पैसा ठेवू द्यायचा नाही. जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलो. त्यात माझा काही स्वार्थ नव्हता, लोकांचं नुकसान डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता चूक सांगतो.

बंदरावर एक वहिनी होत्या. सुकी मासळी विकायच्या. पत्र्याच्या डब्यात 32 हजार रुपये साठवलेले, घराचे पत्रे बदलायला. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीत मी त्यांच्या मागे लागलो. ‘वहिनी, चोर आहेत, आग आहे, वाळवी आहे, भरून टाका.’ त्यांना पटत नव्हतं. मी बरोबर गेलो, स्लिप भरली, सही करायच्या जागी बोट ठेवून दाखवलं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं, पण आमच्या हर्णै-आंजर्ले-केळशी पट्ट्यालाही त्याने सोडलं नाही. दुपारपर्यंत पोफळी काडीसारख्या मोडून एकावर एक पडल्या होत्या. वहिनींचे पत्रे कुठे गेले ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिखलातून चालत त्या माझ्या दारात आल्या. ‘भाऊ, माझे पैसे द्या.’ एवढंच बोलल्या. शाखा बंद, एटीएम बंद, रस्त्यावर झाडं आडवी. दोन दिवसांनी बाहेरगावाहून ताडपत्री घेऊन एक टेम्पो आला. त्याला रोख हवे होते आणि वादळानंतरचा भाव होता. माझ्या घरात, 31 वर्षं नोटा मोजलेल्या माणसाच्या घरात, 1,100 रुपये होते. वहिनींची सून बाळंत होऊन नववा दिवस होता. वहिनींनी हातातली पाटली उतरवून ठेवली आणि ताडपत्री घेतली. आमच्या वाडीत वीज आली ती तेविसाव्या दिवशी.

त्यांचे 32 हजार पैसा न पैसा खात्यात होते. नंतर मिळाले, व्याजासकट. तेव्हा मी चुकीचं सांगितलं असं कोणी म्हणू शकणार नाही. पासबुक काढून दाखवीन. मी कायद्याने बरोबर होतो, हिशेबाने बरोबर होतो, आणि ज्या रात्री ते बाळ गळक्या छपराखाली होतं त्या रात्री माझ्या बरोबर असण्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट गणपतीत घरी आल्या, खोबऱ्याच्या वड्या घेऊन. त्या आता नाहीत. हे मी इतक्या सविस्तर लिहितोय कारण तुझा भाऊ आज जे बोलतो ते शब्दन्‌शब्द माझे आहेत.

म्हणून पुन्हा सांगतो आणि तू कंटाळलीस तरी सांगणार: अंधारात हाताला लागेल तोच पैसा.

तुझ्या भावाला म्हणावं, व्याज बुडतं हे खरं आहे, मग किती बुडतं तेही मोज. 15 हजार घरात ठेवले आणि बचत खात्यावर 3 टक्के धरले, तर वर्षाला 450 रुपये. मुदत ठेवीचे 7 टक्के धरले तरी 1,050. रखवालीचं वर्षाचं मोल एवढंच. आंब्याच्या राखणदाराला आपण एका हंगामात किती देतो? यूपीआयचं कौतुक मलाही आहे, मी रोज वापरतो. पण मोबाइलची बॅटरी संपली की त्यातला पैसा संपतो, आणि वादळात बॅटरी पहिल्या रात्रीच संपते.

बाबांचे 50 हजार मात्र मला पटत नाहीत. आकडा मनाने ठरवू नका, कागदावर मांडा. दापोलीपर्यंत जीप, गरज पडली तर पुढे रत्नागिरी किंवा मुंबई. खासगी दवाखान्यात दाखल करताना मागतात ती अनामत. आठ दिवसांचा किराणा आणि औषधं. अंगणात आडवं झालेलं झाड तोडायला येणाऱ्या कटरवाल्याची मजुरी. ताडपत्री. तुझी होमस्टे आहे, तेव्हा अडकलेल्या पाहुण्यांचं दोन दिवसांचं जेवण आणि जनरेटरचं डिझेल. एवढं लिही आणि बेरीज कर. माझी 15 हजारांवर थांबली, तुझी 20-25 वर जाईल. त्याच्या वरचा पैसा बँकेतच. घरात जास्त रोकड ठेवायला आयकराची वेगळी मर्यादा नाही, पण कुठून आली ते सांगता आलं पाहिजे, म्हणून पैसे काढल्याची नोंद जपून ठेव.

आणि पाचशेच्या नोटांची चळत लावून समाधान मानू नकोस! हे मी रागाने लिहितोय, कारण सगळे तेच करतात. वादळानंतर दुकानदाराकडे सुटे नसतात. 80 रुपयांच्या मेणबत्त्यांना पाचशे दिले तर एक तर तो घेणार नाही, नाही तर तू उरलेले सोडून येशील. निम्मी रक्कम शंभरात ठेव, थोडी पन्नास-वीस-दहात, पाचशेच्या फार तर दहा-बारा. मोठ्या नोटेचं काय होतं ते आपण दोनदा पाहिलं. 19 मे 2023 ला दोन हजाराची नोट मागे घेतल्याचं जाहीर झालं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लोक बँकांत खेपा घालत होते.

ठेवायचं कुठे? तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात नको, तुमचं घर खाडीच्या अंगाला आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावर कुणाचं काही उरलं नाही. एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे 9 लाखांची रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. मला तो माणूस माझ्या जातकुळीचा वाटतो. खाली पूर, वर धो धो पाऊस, आणि पैसा हातात. तू घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घे. नोटा दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, रबर न लावता, कारण दमट हवेत रबर वितळून नोटेला चिकटतं. डबा उंचावर ठेव, पण शिडी लागेल इतका उंच नको. आजीने स्टुलावर न चढता हात घालून काढता आला पाहिजे. एकदा रात्री दिवे मालवून तिला काढायला लाव. जमलं नाही तर जागा बदल.

तरीही नोटा भिजल्याच तर ओढून सोडवू नकोस, इस्त्री तर मुळीच नको. सावलीत वाळू दे आणि बँकेत घेऊन जा. फाटलेल्या नोटेचेही पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असला तर पूर्ण, 40 ते 80 टक्के असला तर निम्मे. खिडकीवरचा माणूस कुरकुरला तर शांतपणे हा नियम सांग. मी कुरकुरायचो, तेव्हा मला माहीत आहे.

डब्याची माहिती घरातल्या दोघांना हवी, तिसऱ्याला नको. लग्नाकार्याच्या खरेदीत, पाहुण्याला सुटे द्यायला, भावाच्या रिचार्जला त्यातली नोट निघता कामा नये. ‘उद्या ठेवतो’ म्हणून काढलेली नोट परत येत नाही, हे मी स्वतःच्या घरात भोगलंय. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, आजी मिरच्या उन्हात घालते त्याच दिवशी डबा उघडायचा. जुन्या नोटा बाजारात चालवून टाकायच्या, नव्या आत घालायच्या आणि बेरीज पुन्हा मांडायची, कारण जीपचं भाडं दर वर्षी वाढतं.

भाऊ वाद घालेल. घालू दे. त्याला पुस्तकातलं बरंच कळतं, आणि तो माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी कबूल करतो. पण पंपावर तो नव्हता, तू होतीस. त्याने फार ताणलं तर माझ्याकडे पाठव, मी त्याला वहिनींचं घर दाखवीन. नवे पत्रे आहेत आता, नातू पाच वर्षांचा झालाय.

बाबांना नमस्कार सांग. आजीला म्हणावं पायाची सूज पूर्ण उतरेपर्यंत चुलीपाशी बसू नये. मी शनिवारी मासळीच्या लिलावाच्या वेळेला हर्णै बंदरावर येतोय. शाखेतून दहाच्या नोटांचं एक बंडल मागून घेतलंय, तुझ्यासाठी. पाचशेच्या दोन नोटा तयार ठेव, आणि डबा घेऊनच ये, झाकण घट्ट बसतं का ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका