अलिबागची एका दिवसाची ज्यू वारसा ग्रुप टूर: सत्तरीच्या आईबाबांना घेऊन जावं का?

तुम्ही विचारलंय की टूर शनिवारची आहे, आईबाबा सत्तरीचे आहेत, आणि जुन्या सिनेगॉगशिवाय (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाशिवाय) तिथे पाहण्यासारखं आहे तरी काय.

जरूर न्या, पण आधी वार बदलून घ्या. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्या दिवशी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालते, फोटो काढू देत नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणूनच. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जायचं तर दुसरा वार धरावा.

मी गेल्या हिवाळ्यात रविवारी गेले होते. आम्ही वीस-बावीस जण होतो, त्यातले निम्मे इस्राएलहून आपल्या आजोळचं गाव बघायला आलेले. पहिला थांबा नवगाव. परंपरा सांगते की इथल्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरलं तिथे आता स्मारक आहे. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. आठवणीत उरली ती 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना, शनिवारची सुट्टी, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू माणसाने त्यांना पारखलं म्हणतात, तेही मासळीवरून. त्याने आणलेल्या मासळीतले पर आणि खवले नसलेले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेले मासे बायकांनी बाजूला काढले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण धर्म टिकला तो चुलीपाशी.

अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ सालचं, १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. जुनी मंडळी त्याला 'मशीद' म्हणतात, दचकू नका. बाबांना डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल जवळ ठेवा. आमच्या आयोजकाने इथे जेमतेम वीस मिनिटं दिली आणि बीचवर दीड तास. मला आजही त्याचा राग येतो. तुम्ही आधीच विचारून घ्या, इथे तासभर तरी हवाच.

तिथली दफनभूमी मात्र टाळू नका. आमच्यात इस्राएलमधल्या दिमोनाहून आलेल्या एक आजी होत्या, सोबत तिकडेच जन्मलेला नातू. एका थडग्यावर वर हिब्रू आणि खाली मराठी मजकूर होता. नातवाने हिब्रू घडाघडा वाचलं आणि थांबला. खालचं आजींनी वाचलं, 'कैलासवासी' आणि मग गावाच्या नावामागे 'कर' लावलेलं आडनाव. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावं तुम्हाला इथे पावलोपावली भेटतील. आजींनी मला विचारलं, "तुझं गाव कोणतं गो?" इस्राएलमध्ये इतकी वर्षं काढूनही तो 'गो' जसाच्या तसा होता. तुमच्या आईबाबांना ही टूर परदेशी पाहुण्यांपेक्षा जास्त कळेल, कारण दगडावरची ओळ त्यांना वाचता येईल.

शेवटी खंडाळे. लोणावळ्याजवळचं नव्हे, अलिबागजवळचं गाव. तिथल्या खडकावरच्या खुणा म्हणजे एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या खुणा, अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला 'टापा' म्हणतात. नवस फेडायला लोक इथे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. आमच्यासमोर एका कुटुंबाचा नवस होता. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर मलिदा ठेवला.

खडकापाशी जमीन ओबडधोबड आहे, आईंचे गुडघे दुखत असतील तर काठी न्या. मांडव्याला बोटीने उतरलात तर प्रवासाचा शीण कमी होतो. रेवदंड्याचा किल्ला आमच्या टूरमध्ये होता, पण तो दुसऱ्या वेळी पाहता येईल. तो वेळ दफनभूमीला द्या.